हशाच्या पलीकडची बोली

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. परतूरकडच्या एका खेड्यातील माझ्या परिचयाचा मुलगा शिक्षणासाठी पुण्यास गेला. दिवाळीच्या सुटीत तो घरी आला, तेव्हा त्याचे बोलणे पालटलेले होते. आजवर 'पानी' म्हणणारा हा मुलगा आता 'पाणी' म्हणताना 'ण'वर नको तितका जोर देत होता. आईने विचारले, "आसं कामून बोलायलास रे?" मुलाने हसून विषय टाळला. नंतर एकांतात त्याने मला सांगितले, की वसतिगृहात त्याने तोंड उघडले की मित्र म्हणत, "पुन्हा एकदा बोल ना! अगदी मकरंद अनासपुरे!" त्यात द्वेष नव्हता, कौतुकच होते. आरंभी त्यालाही मौज वाटली. पुढे मात्र त्याच्या ध्यानी आले, की आपण आजीच्या आजारपणाविषयी बोललो तरी ऐकणाऱ्यांच्या ओठांवर हसू उमटते. तेव्हापासून त्याने आपली बोली खोलीच्या दाराबाहेर ठेवण्यास सुरुवात केली.

या मुलावर जे ओढवले, त्याचा दोष एखाद्या नटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही त्यातून एक प्रश्न उभा राहतो. ज्या अभिनेत्याने मराठवाड्याची बोली मराठी पडद्याच्या मध्यभागी आणून बसवली, त्याने त्या बोलीस काय दिले? आणि त्या देण्याची कोणती किंमत बोलणाऱ्यांना चुकवावी लागली? मकरंद अनासपुरे यांच्या चित्रपटांकडे मी या प्रश्नाच्या अंगाने पाहू इच्छितो. नटाची कारकीर्द मोजताना पुरस्कार आणि गल्ला मोजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु ज्यांच्या तोंडचे शब्द घेऊन तो पडद्यावर उभा राहतो, त्या माणसांच्या बाजूनेही ही मोजणी कधीतरी व्हावयास हवी.

मराठी चित्रपटात ग्रामीण बोली नवीन नव्हती. कोल्हापूर आणि पुणे ही चित्रपटनिर्मितीची जुनी केंद्रे. साहजिकच पडद्यावरचा खेडूत बहुधा पश्चिम महाराष्ट्राच्या वळणानेच बोलत आला. तमाशापटांतला पाटील, 'सोंगाड्या'तला (१९७१) दादा कोंडके यांचा भाबडा नाम्या, निळू फुले यांचे एकाहून एक बेरकी सरपंच आणि सहकारसम्राट या सर्वांची भाषा थोड्याफार फरकाने त्याच मातीतली होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील शाळा-कचेऱ्यांवर उर्दूचा पगडा होता, बाजारात दखनीचा वावर होता, आणि घरात जी मराठी बोलली जाई तिला मुंबई-पुण्याच्या कानांची सवय नव्हती. हा प्रदेश महाराष्ट्रात आला, १९८१ साली जालना हा स्वतंत्र जिल्हाही झाला. परंतु मराठी पडद्यावर आपण दीर्घकाळ केवळ प्रेक्षकच राहिलो. तिकीट आपले, बोली दुसऱ्याची.

शिवाय 'मराठवाडी बोली' असे एकवचनी नाव घेणेही तितकेसे खरे नाही. आपल्याच जिल्ह्यात परतूर-मंठ्याकडे परभणीच्या शेजाराने 'करायलो', 'जायलो' कानी पडते, तर भोकरदन-जाफराबादकडे बुलढाण्याच्या वाऱ्याने 'करू राह्यलो' ऐकू येते. मोंढ्यातला अडत्या, लोखंडाच्या कारखान्यातला मजूर आणि मोसंबीच्या बागेतला सालगडी यांच्या बोलण्यातही फरक असतो. पडदा हे बारकावे सहसा टिपत नाही. त्याला एक ठळक आवाज लागतो. तो आवाज अनासपुरे यांच्या रूपाने त्याला मिळाला.

मराठवाड्यात जन्मलेला आणि वाढलेला हा नट १९९० च्या दशकात मुंबईस पोहोचला. 'सरकारनामा' (१९९८) आणि 'वास्तव' (१९९९) यांसारख्या चित्रपटांतील छोट्या भूमिका करीत त्याने आपली जागा शोधली. किरकोळ अंगकाठी, सावळा वर्ण आणि नायकास न शोभणारा म्हणून ज्याची गणना व्हावी असा चेहरा, या भांडवलावर त्या काळी विनोदी गडी किंवा गुंडाचा साथीदार यापलीकडे काही मिळण्याची शक्यता अल्पच होती. ही कोंडी २००५ साली 'कायद्याचं बोला' या चित्रपटाने फोडली. त्याचे दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे मूळचे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून पुढे आलेले. एका मराठवाडी दिग्दर्शकाने एका मराठवाडी नटाला नायक केले आणि त्याला त्याच्याच बोलीत बोलू दिले, ही घटना वाटते त्याहून मोठी आहे.

'कायद्याचं बोला' ही 'माय कझिन व्हिनी' (१९९२) या अमेरिकन चित्रपटाची मराठी आवृत्ती. मूळ कथेत न्यूयॉर्कच्या वळणाचा वकील अलाबामासारख्या ग्रामीण प्रांतातील न्यायालयात जातो आणि तेथे हसण्यावारी नेला जातो. म्हणजे उपरा ठरतो तो शहरी माणूस. मराठीत हे पारडे फिरले. येथे खुनाच्या आळातून तरुणांना सोडवावयास उभा राहतो तो केशव कुंथलगिरीकर हा गावाकडचा वकील, आणि त्याचे उपरेपण त्याच्या बोलीत आहे. प्रेक्षक आरंभी त्याच्या बोलण्याला हसतो. परंतु हाच वकील साक्षीदारांना एकेक प्रश्न घालू लागतो, तेव्हा जिला आपण अडाणीपण समजत होतो ती खेड्यातील माणसाची चौकस बुद्धी आहे हे उमगते. हशा नाहीसा होत नाही, पण त्याची दिशा बदलते. जो हसत होता तोच थोडा ओशाळतो. विनोदी अभिनयाचे याहून मोठे यश कोणते असू शकते?

अनासपुरे यांच्या अभिनयाचे मर्म मला त्यांच्या वाक्याच्या शेवटात दिसते. सामान्य विनोदी नट वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो, प्रेक्षकाला हसण्याची जणू आज्ञा देतो. अनासपुरे तेथे आवाज उतरवतात. अत्यंत कडू गोष्ट ते केवळ माहिती दिल्याच्या सुरात सांगतात आणि समोरच्याकडे निरागस नजरेने पाहत राहतात. ज्याने कधी तलाठ्याच्या दारात उभे राहून सात-बाराच्या उताऱ्यासाठी पाचव्यांदा हेलपाटा घातला असेल, त्याला हा सूर ओळखीचा वाटेल. चिडण्याची सोय नसलेल्या माणसाने शोधून काढलेला तो चिडण्याचा प्रकार आहे. हसत बोलायचे, म्हणजे साहेबाला राग येत नाही आणि आपल्याला जे म्हणायचे ते म्हणूनही होते. ही शैली अनासपुरे यांनी निर्माण केली नाही. ती आमच्या बाजारतळांवर आणि पंचायत समितीच्या व्हरांड्यांत पूर्वीपासून होती. त्यांनी तिला पडद्यावर प्रतिष्ठा दिली.

या शैलीला तिच्या तोलाची कथा 'जाऊ तिथे खाऊ' (२००७) या चित्रपटात मिळाली. सरकारी कागदावर विहीर खोदली गेली आहे, पैसे उचलले गेले आहेत, पण शेतात विहीर नाही. तेव्हा नायक तक्रार करतो ती विहीर चोरीला गेल्याची! या एका कल्पनेत संपूर्ण व्यवस्था उघडी पडते. कागद खरा मानला तर चोर शोधावा लागतो, आणि कागद खोटा मानला तर लिहिणारा सापडतो. पुढे २०१० साली श्याम बेनेगल यांच्या 'वेल डन अब्बा' या हिंदी चित्रपटातही चोरीला गेलेल्या विहिरीची अशीच कथा आली. मात्र जालन्याच्या प्रेक्षकाला हा विनोद निराळ्या ठिकाणी लागतो. एकेकाळी 'जालना सोने का पालना' म्हणवणाऱ्या या भागाने २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या, पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली झाडे सरपणासाठी तोडली. विहीर ही येथे गमतीची वस्तू नाही. तिच्या तळाशी उभे राहून आकाशाचा गोल तुकडा पाहणाऱ्या माणसाला विहीर चोरीस जाते म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. म्हणूनच या चित्रपटातील हसे घशात किंचित अडकते, आणि तेथेच अनासपुरे मोठे नट ठरतात.

येथवरची वाटचाल गौरवाची आहे. यानंतरची गोष्ट तितकी सरळ नाही. 'कायद्याचं बोला'च्या यशानंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांचे चित्रपट एकामागून एक येत राहिले. 'साडे माडे तीन' (२००७) मध्ये अशोक सराफ आणि भरत जाधव यांच्या जोडीने त्यांनी 'चलती का नाम गाडी'चा मराठी संसार उत्साहाने उभा केला. 'दे धक्का' (२००८) मधील पैशाने खचलेला आणि तरीही लेकीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी अवघे कुटुंब गाडीत घालून निघालेला बाप त्यांनी ममतेने रंगवला. तेथे हशाच्या आत एका हरलेल्या माणसाची लाज सतत जागी असते. 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' (२००९) मध्ये राजकारणाची खिल्ली होती. पण या ठळक नावांच्या मागेपुढे असेही पुष्कळ चित्रपट आले, ज्यांत व्यक्तिरेखा नव्हती. होता तो केवळ 'अनासपुरे यांचा आवाज'. निर्मात्यास हेल हवा होता, माणूस नको होता. दूरचित्रवाणीवर 'हास्यसम्राट'सारख्या स्पर्धेचे परीक्षक म्हणूनही त्यांची हसवणारा हीच प्रतिमा घरोघरी दृढ झाली. बोली हे व्यक्तिरेखेचे अंग न राहता दुकानाची पाटी झाली. पाटी एकदा लागली, की आत काय विकले जाते हे पाहण्याचे कष्ट गिऱ्हाईक घेत नाही.

या त्रैमासिकाच्या वाचकांना हा अनुभव वेगळ्या वाटेने परिचित असावा. हिंदी चित्रपटाने कित्येक दशके ख्रिस्ती पात्र म्हटले की मोडकी हिंदी बोलणारा, बाटली जवळ बाळगणारा, मनाने चांगला पण गंभीरपणे घेऊ नये असा एक माणूस उभा केला. तोही बहुधा प्रेमळच असे. त्यातही द्वेष नव्हता. पण आपल्या घरातील तो शिस्तप्रिय शिक्षक, ती रात्रपाळी करणारी परिचारिका, तो शेतात राबणारा काका यांच्यापैकी कोणीही त्या पात्रात नव्हते. वसईकडील ज्या वाचकांनी शाळेत आपली कादोडी लपवली आणि घरी आल्यावर मोकळा श्वास घेतला, त्यांना परतूरचा तो मुलगा समजावून सांगण्याची गरज नाही. प्रेमळ हशादेखील माणसाला लहान करू शकतो, हे ज्याने सोसले त्यालाच कळते.

ही केवळ आपल्या देशाची कहाणी नव्हे. अरबी चित्रपटसृष्टीचे माहेर असलेल्या इजिप्तमध्ये दक्षिणेकडील शेतकरी, ज्याला तेथे 'सईदी' म्हणतात, तो कैरोच्या विनोदांचा जुना विषय आहे. त्याचा हेल, त्याचा हट्ट, त्याचे भाबडेपण यांवर तेथे पिढ्यान्‌पिढ्या हशा पिकला. त्याच देशात अहमद झकी (१९४९–२००५) नावाचा एक नट होऊन गेला. तो सईदी नव्हता. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील झगाझिग या गावचा. परंतु तोही सावळा, गोऱ्यागोमट्या नायकांच्या रांगेत न बसणारा. 'अल-बरी', म्हणजे निरपराध, या १९८६ च्या चित्रपटात त्याने एका अडाणी खेडवळ तरुणाची भूमिका केली. सैन्यात भरती झालेल्या या तरुणाला तुरुंगातील कैदी देशाचे शत्रू आहेत असे सांगितले जाते आणि तो ते खरे मानतो. एके दिवशी त्या कैद्यांत त्याला आपल्याच गावचा शिकलेला मित्र दिसतो. ज्या भाबडेपणाला प्रेक्षक हसत आला, तेच भाबडेपण येथे सत्तेला अडचणीचे ठरते. हा नट पुढे पडद्यावर नासरही झाला आणि सादातही झाला. खेडुताचा चेहरा राष्ट्राध्यक्षाचा होऊ शकतो, एवढा विश्वास त्या चित्रपटसृष्टीने त्याच्यावर टाकला. आपल्या चित्रपटसृष्टीने अनासपुरे यांच्यावर तसा विश्वास किती वेळा टाकला?

क्वचित टाकला, आणि तेव्हा तो सार्थही झाला. 'निशाणी डावा अंगठा' (२००९) हे त्याचे एक उदाहरण. बुलढाणा जिल्ह्याचे कादंबरीकार रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेचा कागदोपत्री डोलारा हा तिचा विषय. येथे विनोद आहे, पण तो बोलीतून नव्हे, परिस्थितीतून येतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे उदाहरण म्हणजे प्रसाद नामजोशी दिग्दर्शित 'रंगा पतंगा' (२०१६).

विदर्भातील जुम्मन या मुसलमान शेतकऱ्याचे दोन बैल हरवतात, एवढीच 'रंगा पतंगा'ची कथा. राज्यात २०१५ साली गोवंशहत्याबंदीचा कायदा लागू झाल्यानंतरच्या वातावरणात ती घडते. त्यामुळे ज्याचे बैल गेले तोच संशयाच्या छायेत येतो. पोलीस, पुढारी आणि वृत्तवाहिन्या यांना जुम्मनच्या बैलांत नव्हे, जुम्मनच्या धर्मात रस आहे. अनासपुरे येथे मराठवाडी बोलत नाहीत, वऱ्हाडी बोलतात. परंतु खरा फरक बोलीचा नाही. आवाज उतरवण्याची त्यांची जुनी लकब येथे पूर्णपणे दुःखाच्या सेवेस लागली आहे. बैलांविषयी बोलताना जुम्मनचे शब्द मध्येच संपतात आणि नजर रिकाम्या गोठ्याकडे जाते. ज्याच्या घरी जनावर आहे त्याला ही नजर ठाऊक असते. चित्रपटात विनोद आहे, उपहास आहे; पण जुम्मनला कोणी हसत नाही. ग्रामीण बोली बोलणारा अनासपुरे यांचा नायक पडद्यावर आहे आणि सभागृह शांत आहे, हा अनुभव माझ्यासाठी तरी नवा होता. हा नट इतकी वर्षे काय करू शकला असता, याची हुरहूर त्या शांततेत दाटून येते.

त्याच २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने करमाळ्याकडची बोली अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी घातली. त्यातील नायिका गावाकडच्या भाषेत दरडावते आणि प्रेक्षक तिला हसत नाही, तिच्यावर भाळतो. साहित्यात हे यापूर्वीच घडले होते. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहास याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्या कथांतील माणसे हसवण्यासाठी बोलत नाहीत. या बदलाचे श्रेय एकट्या कोणाचे नाही. तरीही ग्रामीण बोलीचा नायक तिकीटबारीवर चालतो, हे निर्मात्यांना ज्यांनी पटवून दिले त्यांत अनासपुरे यांचा वाटा नाकारता येणार नाही. त्यांनी दार उघडले. त्या दारातून इतर अधिक मोकळेपणाने आत गेले, आणि त्यांना स्वतःला मात्र पुष्कळदा उंबरठ्यावरच हसवत उभे राहावे लागले.

पडद्याबाहेरच्या त्यांच्या एका कामाचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर यांच्यासमवेत त्यांनी 'नाम फाउंडेशन' स्थापन केले. मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांना प्रत्येकी १५ हजार रुपयांची मदत देऊन आरंभ झाला आणि पुढे नाले-ओढ्यांतील गाळ काढण्याची, पाणी अडवण्याची कामे हाती घेण्यात आली. त्या काळातील त्यांची भाषणे अनेकांनी ऐकली असतील. बोली तीच, हेल तोच, पण समोर बसलेल्या बायांच्या डोळ्यांत पाणी. पडद्यावर ज्या आवाजाकडून आपण केवळ हसूच मागितले, त्यात हे सामर्थ्य आधीपासून होते. मात्र या कामाविषयीच्या कृतज्ञतेने त्यांच्या चित्रपटांवरील टीका बोथट होऊ देणे हा त्यांच्या कलेचा सन्मान नव्हे. माणूस म्हणून ते जे करतात त्यासाठी त्यांना नमस्कार करावा, आणि नट म्हणून त्यांच्याकडून अधिक मागावे.

हे अधिक म्हणजे काय, याचे उत्तर जालना जिल्ह्यातच सापडते. घनसावंगी तालुक्यातील जांबसमर्थ हे रामदासस्वामींचे जन्मगाव. त्याच गावचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली रंगमंचावर आले. संकल्पना शाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये दादासाहेब फाळके साकारणारे नंदू माधव यांचे, आणि नटमंडळींत खेड्यांतून आलेली, शेतीमातीत वाढलेली माणसे. यम शिवाजीराजांना घेऊन जातो, पण त्यांचे विचार मागेच राहतात, अशा कल्पनेभोवती गुंफलेले हे नाटक मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी गर्दी करून पाहिले. प्रेक्षक त्यात पोटभर हसला. परंतु तो हसला त्या माणसांच्या बोलीला नव्हे. ती माणसे त्या बोलीतून इतिहासाचे जे सौदे उघडे पाडत होती, त्यांना. बोली तेथे हशाचे निमित्त नव्हती, विचाराचे हत्यार होती. हाच फरक 'कायद्याचं बोला'मध्ये क्षणभर चमकला होता आणि 'रंगा पतंगा'मध्ये स्थिर झाला होता.

मकरंद अनासपुरे यांच्या कारकिर्दीचा हिशेब करताना म्हणूनच मला दोन खाती मांडावी लागतात. जमेच्या बाजूस एक संपूर्ण प्रदेश आहे, ज्याला त्यांनी पडद्यावर नाव आणि आवाज दिला. खर्चाच्या बाजूस ते सर्व चित्रपट आहेत, ज्यांनी तो आवाज घेतला आणि माणूस बाहेर ठेवला. त्या दुसऱ्या खात्यात केवळ निर्मात्यांची नावे नाहीत. आपल्याच बोलीवर सर्वांत मोठ्याने हसलेले आपण प्रेक्षकही त्यात आहोत.

परतूरचा तो मुलगा गेल्या उन्हाळ्यात पुन्हा भेटला. मी त्याला 'रंगा पतंगा' पाहण्यास सांगितले होते. चित्रपट कसा वाटला, असे विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या बापाचा बैल मेला व्हता तव्हा तो आस्साच बसला व्हता." वाक्य पूर्ण झाल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आपण कसे बोललो. या वेळी त्याने ते सुधारले नाही.